सात लाख वीस हजार, मुक्काम रसमडा

मे २०२२ मध्ये मला रसमड्याच्या एका स्पंज आयर्न कारखान्याचं नेमणूकपत्र आलं. पद पर्यावरण अभियंता, पगार वर्षाला ७ लाख २० हजार. तेव्हा मी पुण्यात एका सल्लागार कंपनीत होते. सांडपाणी प्रकल्पांची ड्रॉइंग काढायची, पर्यावरण मंजुरीचे अहवाल लिहायचे, हे काम. हातात ३८ हजार यायचे आणि वारज्यातल्या वन बीएचकेचं भाडं १६ हजार होतं. नवरा एका सीएकडे अकाउंट्स बघायचा. मुलगा तीन वर्षांचा. माझं माहेर भंडारा. बाबांना अर्धांगवायूचा झटका येऊन गेला होता, म्हणून विदर्भाच्या जवळपास कुठेतरी सरकावं असं आमचं चाललं होतं. बुटीबोरीच्या दोन कंपन्यांनी सांगितलेले आकडे पुण्याहूनही कमी होते. मग रसमड्याचं पत्र आलं.

रसमडा बहुतेकांना माहीत नसतं. दुर्गहून नागपूरकडे निघालेल्या पॅसेंजरचं हे पहिलं स्टेशन. एक्स्प्रेस गाड्या थांबत नाहीत. शेजारी बोरईचं औद्योगिक विकास केंद्र आहे आणि आसपास स्पंज आयर्नचे कारखाने. पत्रावर मात्र ‘भिलाई’ असं लिहिलेलं होतं. सासूबाईंनी ते वाचलं आणि त्यांना बरं वाटलं. भिलाई म्हणजे रुंद रस्ते, झाडं, सेक्टर, मैत्री बाग. १९५५ मध्ये सोव्हिएत संघाशी करार झाला, १९५९ मध्ये पहिली झोतभट्टी पेटली, आणि त्यानंतर विदर्भातले कितीतरी लोक तिथे नोकरीला गेले. सासूबाईंच्या माहेरचे एक काका तिथूनच निवृत्त झालेले. पण ते भिलाई सरकारी पोलाद कारखान्याचं. रसमडा दुर्गच्याही पलीकडे, शिवनाथ नदी ओलांडून. तिथे सेक्टर नाहीत आणि मैत्री बागही नाही.

आधी पगाराचं सांगते, कारण मला सगळ्यात जास्त तेच विचारतात.

वर्षाला ७ लाख २० हजार म्हणजे महिन्याला ६० हजार, हे कुणीही सांगेल. त्यातले ६ हजार ‘व्हेरिएबल’ होते. म्हणजे वर्षाच्या शेवटी, कंपनीला नफा झाला तर. मालकाने भरायचा पीएफ १,८०० रुपये, तोही ६० हजारांतच धरलेला. मूळ पगार २४ हजार, त्यावर ४.८१ टक्के ग्रॅच्युइटी म्हणजे महिन्याला साधारण १,१५४ रुपये. ही रक्कम पाच वर्षं टिकलात तर दिसणार. आरोग्य विम्याचा हप्ता ८०० रुपये, त्यात नवरा आणि मूल होतं, आईवडील नव्हते. उरले ५० हजार २४६. त्यातून माझा स्वतःचा पीएफ १,८००, बस ७००, कँटीन ९००. बँकेत पडायचे ४६ हजार ८४६.

पुण्यात ३८ आणि इथे पावणेसत्तेचाळीस. फरक पावणेनऊ हजारांचा. पत्र वाचताना डोक्यात ६० होते आणि मी भंडाऱ्याला फोन करून आईलाही ६०च सांगितले. ते नंतर कधी दुरुस्त केलं नाही.

व्हेरिएबलचं काय झालं तेही सांगते. मला पत्र आलं त्याच महिन्यात केंद्र सरकारने पोलादाच्या बऱ्याच प्रकारांवर १५ टक्के निर्यात कर लावला. लोहखनिज आणि पेलेटवर त्याहून पुष्कळ जास्त. देशातले भाव खाली आले. छोटे कारखाने कमी क्षमतेवर चालायला लागले, आमची एक भट्टी कितीतरी दिवस थंड होती. नोव्हेंबरात कर मागे घेतला गेला, पण वर्ष तसंच गेलं. ७२ हजारांच्या जागी मला २५ हजार मिळाले. कुणाची तक्रार करायची? पत्रात तसं लिहिलेलंच होतं. पोलादाच्या धंद्यात शिरायचं असेल तर व्हेरिएबल शून्य धरून संसाराचा हिशोब मांडावा. आला तर दिवाळी.

सुरुवातीला मी एकटी गेले. नवरा आणि मुलगा भंडाऱ्याला राहिले. कारखान्याच्या आवारात क्वार्टर मिळालं, भाडं नाही, वीज नाममात्र. पैशाच्या दृष्टीने तो काळ सगळ्यात चांगला. बाकी सगळ्या दृष्टीने वाईट. सकाळी फरशी पुसली की दुपारी पावलं उमटायची. धुतलेले कपडे खोलीत वाळवायचे. पांढरं काही घालायचं नाही. खिडकीच्या फटींना मी ओली फडकी लावत असे, आणि दिवसभर ज्या धुळीचा हिशोब कागदावर ठेवायचा तीच रात्री उशीवरून झटकायची. मेमध्ये पारा ४४-४५ वर. कूलर लावावा तर तो बाहेरची धूळ ओढून आत टाकणार. शेवटी हप्त्यावर एसी घेतला. फुकट क्वार्टरचा तो पहिला खर्च.

आता कामाचं. स्पंज आयर्न म्हणजे लोहखनिज आणि कोळसा लांबलचक फिरत्या भट्टीत घालून खनिजातला प्राणवायू काढून घेणं. भट्टीतून निघणारा तापलेला वायू बॉयलरमधून जातो, त्यावर वीज होते, मग ईएसपीत म्हणजे विजेच्या भाराने धूळ पकडणाऱ्या यंत्रात जातो आणि तिथून चिमणीत. बाकी कोळसा फोडायच्या, खनिज चाळायच्या, माल उतरवायच्या जागी बॅग फिल्टर. मागे उरतो तो डोलोचार, म्हणजे अर्धवट जळालेला कोळसा, आणि राख. या सगळ्यावर लक्ष ठेवायचं आणि त्याचे कागद वेळेवर भरायचे, ही माझी नोकरी.

कागदांच्या तारखा मला झोपेतही पाठ असतात. पर्यावरण मंजुरीचा सहामाही अहवाल १ जून आणि १ डिसेंबर. घातक कचऱ्याचं वार्षिक विवरण ३० जून. फॉर्म पाच, म्हणजे पर्यावरण विवरणपत्र, ३० सप्टेंबर. ही शेवटची तारीख गणपती-नवरात्राच्या सुमारास येते. महालक्ष्म्यांना भंडाऱ्याला जायचं तर लॅपटॉप घेऊन जायचं, हे मी पहिल्याच वर्षी मान्य करून टाकलं.

कागदांचं एकवेळ चालतं. त्रास होतो तो फोनचा. प्रदूषणकारी उद्योगांच्या १७ प्रकारांना केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१४ मध्ये चिमणीवर सतत मोजणारी यंत्रं बसवायला सांगितलं. आकडे थेट मंडळाच्या सर्व्हरवर जातात. मर्यादा ओलांडली की नोंदवलेल्या मोबाइलवर मेसेज येतो. आमच्याकडे तो मोबाइल माझा. रात्री ईएसपीची एखादी फील्ड बसली किंवा बॉयलर ट्रिप झाला की भट्टीची कॅप उघडते आणि काळा धूर सरळ वर जातो. मग आधी मेसेज, पाठोपाठ शिफ्टमधल्या ऑपरेटरचा फोन. “मैडम, बॉयलर ट्रिप हो गे हे.” हे वाक्य त्याच्या तोंडी इतकं शांत यायचं की मलाच ओशाळल्यासारखं व्हायचं. कारण काय, किती वेळ, काय उपाय केला, हे सगळं लिहून ठेवायचं, कारण दुसऱ्या दिवशी विचारणा होऊ शकते. पगाराच्या पत्रात कामाची वेळ साडेनऊ ते सहा होती.

दुसरं म्हणजे चिमणी चढणं. यंत्र असलं तरी ठरावीक काळाने माणसाने वर जाऊन नमुना घ्यावा लागतो. प्रयोगशाळेची मुलं घेतात, पण कारखान्याचं कुणीतरी बरोबर हवं. चिमणीला लागून सरळ उभी लोखंडी शिडी, तिच्याभोवती पिंजरा, वर पोर्टहोलपाशी अरुंद प्लॅटफॉर्म. मी सलवार-कमीज सोडून पँट घालायला लागले ती त्यासाठी. पहिल्यांदा उतरल्यावर गुडघे थरथरत होते आणि मी पाणी प्यायच्या निमित्ताने बराच वेळ पंपहाउसमागे बसून राहिले. वरून शिवनाथ दिसते, भाताची खाचरं दिसतात, दुर्गच्या टाक्या दिसतात. आणि कोणत्या कारखान्याचा धूर कुठे जातोय तेही दिसतं.

या शिवनाथचं नाव मी नोकरीच्या कितीतरी आधी ऐकलं होतं. नागपूरला एमटेक करताना पाण्याच्या कायद्याच्या तासाला सरांनी हे प्रकरण शिकवलेलं. १९९८ मध्ये, छत्तीसगड वेगळं व्हायच्या आधी, बोरईच्या उद्योगांना पाणी पुरवायला नदीचा सुमारे २३ किलोमीटरचा पट्टा २२ वर्षांच्या कराराने रेडियस वॉटर या खासगी कंपनीकडे गेला होता. काठावरच्या लोकांना मासेमारीला, पाणी घ्यायला अडवणूक झाली म्हणून मोठी ओरड झाली. नदीचं खासगीकरण म्हणून देशभर हे उदाहरण देतात. परीक्षेत मी त्यावर टीप लिहिली होती. त्याच बोरईत आपण पाण्याच्या मीटरचे आकडे उतरवत बसू, असं काही तेव्हा वाटलं नव्हतं.

दर शनिवारी भंडाऱ्याला जायचं, रविवारी रात्री परत, असा बेत होता. दुर्ग ते भंडारा रोड साधारण २०० किलोमीटर. कागदावर साडेतीन तास. प्रत्यक्षात त्या वर्षी मार्गावर कामं चालू असल्यामुळे गाड्या सारख्या रद्द व्हायच्या किंवा उशिरा यायच्या. भंडारा रोड स्टेशन वरठीला, तिथून गावात ऑटो. रसमड्याहून दुर्ग स्टेशनला यायलाही संध्याकाळी वाहन मिळायचं नाही, रिक्षावाला परतीचे पैसे धरूनच बोलायचा. डिसेंबर २०२२ मध्ये बिलासपूर-नागपूर वंदे भारत सुरू झाली तेव्हा मी हरखले, पण शनिवारी नेमकी तिची सुट्टी. एका महिन्याचा येण्याजाण्याचा खर्च लिहून काढला तेव्हा तो साडेपाच हजारांच्या वर गेला. पुण्यापेक्षा जे पावणेनऊ जास्त मिळत होते त्यातला मोठा वाटा असा रुळांवरच संपत होता. मुलगा फोनवर बोलेनासा झाला होता. आईने फोन कानाला लावला की तो म्हणायचा, “तिला सांग, मी झोपलोय.”

पुढच्या उन्हाळ्यात आम्ही ठरवलं की सगळ्यांनी दुर्गला राहायचं. नवऱ्याच्या सीएने घरून काम करायला होकार दिला, पगार थोडा कापून. हा योग नसता तर मी वर्षभरात परतले असते.

घर शोधताना मी जे केलं त्यावर सगळे हसले. कारखान्यात वाऱ्याची दिशा आणि वेग नोंदवणारं यंत्र असतं. त्याच्या वर्षभराच्या नोंदी काढून मी वारा कोणत्या महिन्यात कुठून वाहतो त्याचं चित्र काढलं. पावसाळ्यात नैर्ऋत्येकडून, थंडीत ईशान्येकडून. थंडीतला वारा मंद असतो, धूळ वर न जाता खालीच तरंगते, म्हणून तेच महिने वाईट. मग दुर्ग-भिलाईचा नकाशा घेऊन बसले. पश्चिमेला रसमडा, पूर्वेला भिलाईचा मोठा कारखाना, मधून जाणारा महामार्ग. हवा हवी तर दक्षिणेकडे जायचं. बोरसीकडे दोन खोल्या, हॉल, वर गच्ची असं घर साडेनऊ हजारांत मिळालं. पुलगावकडे आठ हजारांत मिळत होतं आणि कारखान्याची बसही दारात आली असती. दलाल म्हणाला, “मैडम, पंद्रह सौ रुपया हवा का दे रही हैं.” मी म्हटलं, हो.

हवेसाठी दीड हजार जास्त देऊनही भाडं पुण्याच्या साठ टक्क्यांवर, आणि जागा दुप्पट. छत्तीसगडमध्ये राहण्याचा खरा फायदा भाड्यात आणि ताटात आहे. भाजी स्वस्त. इंदिरा मार्केटला संध्याकाळी गेलं तर लाल भाजी, चेच भाजी, मुनग्याच्या शेंगा, सगळं पिशवीभर. तांदूळ तर विचारूच नका. आम्ही एचएमटी खातो, इथे घरोघरी तोच मागतात. हा वाण चंद्रपूर जिल्ह्यातल्या नांदेड गावच्या दादाजी खोब्रागडे यांनी आपल्या शेतात निवडून काढला. २०१८ मध्ये ते गेले. दुकानदाराला मी हे सांगितलं तर तो म्हणाला, घड्याळाच्या कंपनीचा असेल असं वाटायचं. तूरडाळीला इथे राहर दाल म्हणतात. ज्वारीचं पीठ मात्र सहजासहजी मिळत नाही, ते भंडाऱ्याहून येतं. गोडा मसालाही.

विजेचाही आधार होता. राज्यात मार्च २०१९ पासून घरगुती ग्राहकांना पहिल्या ४०० युनिटपर्यंत निम्मं बिल होतं. एसी आणि कूलर चालवूनही आमचं बिल हजाराच्या आसपास राहायचं. ऑगस्ट २०२५ मध्ये ही सवलत १०० युनिटवर आली, डिसेंबरात २०० वर. त्या मधल्या महिन्यांत बिल बघून नवऱ्याने सगळे बल्ब मोजले. सरकारी सवलतीच्या भरवशावर घरखर्चाचा आकडा धरू नये, असं तो सीएच्या थाटात मला ऐकवतो. एसी हप्त्यावर घ्यायला त्यानेच सांगितलं होतं.

आता जे वाढलं ते. रसमड्याला आवारात राहणं सुटल्यामुळे रोजचा प्रवास आला. बसची वेळ मुलाच्या शाळेशी जुळेना, म्हणून जुनी स्कूटर घेतली. महामार्गावर कोळशाचे आणि खनिजाचे ट्रक, त्यामुळे संध्याकाळी अंधार पडायच्या आत निघायची माझी धडपड, आणि नेमकं तेव्हाच काहीतरी बंद पडणार. पेट्रोल, सर्व्हिसिंग, दर काही महिन्यांनी एअर फिल्टर. पाणी बोअरचं, जड. आरओची मेम्ब्रेन पुण्यात दोन वर्षं चालायची, इथे वर्षात गेली. शाळेची फी महिन्याला ३,२०० आणि व्हॅनचे हजार. पहिल्या थंडीत मुलाला खोकला लागला तो संक्रांतीपर्यंत राहिला. डॉक्टर म्हणाले, वातावरणाचा आहे, ओसरेल. ओसरला. पण त्या रात्री मी वाफ देत बसायचे आणि मोबाइल शेजारीच असायचा. मंडळाचा मेसेज आला की आधी तो बघायचे, मग मुलाकडे. हे नवऱ्याच्या लक्षात आलं होतं. तो काही बोलला नाही.

घराचा महिन्याचा खर्च २०२३-२४ मध्ये साधारण असा होता: भाडं साडेनऊ, किराणा-भाजी-दूध अकरा, शाळा-व्हॅन चार, पेट्रोल आणि गाडी अडीच, वीज-गॅस-पाणी दोन, औषधं दीड, भंडाऱ्याला पाठवायचे पाच, जाणंयेणं आणि सणवार तीन. साडेअडतीस हजार. पुण्यात इतकंच सगळं केलं असतं तर पन्नाशी गाठली असती. म्हणजे शिल्लक पडत होती. फार नाही, पण पहिल्यांदाच पडत होती. त्यावर मी आवर्ती ठेव उघडली.

दुर्गला आल्यावर शेजारीपाजारी भिलाईच्या सरकारी कारखान्यातले लोक भेटले आणि माझा पगार पुन्हा लहान झाला. तिथे प्रशिक्षणार्थी अधिकाऱ्याची सुरुवातच ५० हजारांच्या मूळ वेतनावर होते, वर महागाई भत्ता आणि बाकीचं. पण त्याला वयाची अट २८, आणि मी ती ओलांडलेली. आमच्या विषयातल्या पोरांनी हे लवकर बघून ठेवावं. खासगीत दहा वर्षं घासून जिथे पोचाल तिथे सरकारी कारखान्यातला माणूस पहिल्या वर्षी बसलेला असतो. राज्याच्या पर्यावरण मंडळाच्या जागाही निघतात, पण वर्षानुवर्षं वाट बघावी लागते.

खासगी कारखान्यात पर्यावरण विभाग म्हणजे उत्पन्न न देणारा खर्च, असंच बहुतेक ठिकाणी धरतात. पगारवाढीच्या वेळी हे स्पष्ट दिसतं. उत्पादनवाल्यांना १२ टक्के, आम्हाला सहा. मी दोन वर्षं गप्प बसले. तिसऱ्या वर्षी संमतीपत्राचं नूतनीकरण आलं. कारखाना चालवायला मंडळाची संमती लागते आणि ती तेव्हा ठरावीक काळापुरतीच असायची. तिचे कागद मीच तयार करत होते. त्यासाठी मूळ पर्यावरण मंजुरी पुन्हा नीट वाचली. तिच्यात अट होती की कारखान्यात पात्र माणसांचा स्वतंत्र पर्यावरण कक्ष असावा, तो थेट सर्वोच्च अधिकाऱ्याला उत्तरदायी असावा, आणि त्यासाठी ठेवलेला निधी दुसरीकडे वळवू नये. पोलाद कारखान्यांच्या मंजुरीत अशी अट असतेच. आमचा कक्ष म्हणजे मी आणि दोन मदतनीस, आणि मी उत्पादन प्रमुखांच्या हाताखाली.

मी एक पानी अर्ज केला. भांडले नाही. अट लिहिली, आपली आजची स्थिती लिहिली, खाली चार मागण्या. रात्री बोलावलं तर कंपनीची गाडी. चिमणीवर चढण्याचा जोखीम भत्ता आणि अपघात विमा. आणखी एक पदवीधर माणूस, म्हणजे रात्रीचा मोबाइल आळीपाळीने ठेवता येईल. आणि उत्पादनवाल्यांइतकी वाढ. मनुष्यबळ विभागाचे साहेब म्हणाले, “मॅडम, पैसे मागितलेत ते ठीक, पण लिहून कशाला दिलं?” लिहून दिलं म्हणूनच हललं, असं मला वाटतं. गाडी मिळाली. चार हजार जोखीम भत्ता मिळाला, विमा मिळाला. पदवीधर माणूस पाच-सहा महिन्यांनी आला. मागितली तितकी वाढ मिळाली नाही, सहाची आठ टक्के झाली. रात्रीचा मोबाइल आता एक आठवडा माझ्याकडे, एक आठवडा त्याच्याकडे. त्या दुसऱ्या आठवड्याची किंमत मी पैशात धरलेली नाही.

भाताच्या हंगामाची गंमत मात्र कुणी आधी सांगत नाही. राज्य सरकार २०२३ पासून क्विंटलला ३,१०० रुपये दराने, एकरी २१ क्विंटलपर्यंत भात घेतं. त्यामुळे कापणीपासून खरेदी संपेपर्यंत आसपासच्या गावांतले कंत्राटी कामगार शेतावर असतात. का नसावेत? पण बॅग फिल्टरच्या पिशव्या बदलायचं काम नेमकं थंडीच्या तोंडावर करावं लागतं. आता आम्ही ते ऑक्टोबर लागतानाच उरकतो. याच लोकांच्या भातावर काळी पुटं बसली की ते गेटवर येतात. त्यांच्यातलाच एखादा आत ईएसपीवर कामाला असतो. एकदा असाच एक कामगार बैठकीत माझ्या बाजूला बसून गावकऱ्यांचं ऐकत होता, आणि त्यांच्यात त्याचे वडील होते. मी त्या दिवशी नोंदी पुढे केल्या, मर्यादेत आहे असं सांगितलं. नोंदी खऱ्या होत्या. वडिलांच्या हातातली ओंबीही खरी होती.

आज, भत्ता आणि वाढ धरून, हातात साधारण ५९ हजार येतात. म्हणजे पत्र वाचून आईला जो आकडा सांगितला होता तिथे मी जवळपास साडेतीन वर्षांनी पोचले.

मागच्या महिन्यात अमरावतीच्या एका मुलाचा फोन आला. माझ्या कॉलेजचा, बरीच वर्षं मागचा. त्याला याच पट्ट्यातल्या एका कारखान्याने साडेचार लाख सांगितले होते. मी त्याला म्हटलं, साडेचारचं विसर, आधी पगारपावतीचा नमुना माग. व्हेरिएबल किती, मालकाचा पीएफ आत की बाहेर, ते बघ. केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर त्या कारखान्याची पर्यावरण मंजुरी कुणालाही बघता येते, ती डाउनलोड कर आणि कक्षाची अट वाच. कंपनीच्या संकेतस्थळावर सहामाही अहवाल असायला हवा, नसेल तर तिथे काय चालतं ते समजून घे. संमतीपत्राची स्थिती काय आहे ते विचार, कारण रुजू झाल्यावर पहिलं तेच तुझ्या गळ्यात पडणार. मोबाइल कुणाच्या नावावर नोंदलाय ते विचार. मुलाखतीला जाशील तेव्हा चिमणीची शिडी बघून ये, पिंजरा आहे की नाही. आवारातलं क्वार्टर फुकट असलं तरी सहा महिन्यांच्या वर राहू नकोस.

त्याने सगळं लिहून घेतलं आणि मग विचारलं, “ताई, मुलाखतीत एवढं विचारलं तर घेतील का?” पगारपावतीचा नमुना मागितल्यावर कंपनीने दोन आठवडे उत्तरच दिलं नाही. नंतर दिलं, आणि त्यात व्हेरिएबल पाच टक्केच होता. तो एकोणीस तारखेला रुजू होतोय. आमच्या घरमालकांची गच्चीवरची खोली रिकामी आहे, साडेचार हजार भाडं सांगतात. चारवर येतील, मी बोलून ठेवलंय.